चाळिसावं चित्र

"हे खोटं आहे," अधिकारी म्हणाला. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही, शेठ."

"असेल, साहेब." म्हाताऱ्याने चित्र जपून उतरवलं. भिंतीतला खिळा उपटून सवयीने खिशात टाकला.

शहरातल्या ज्यू व्यापाऱ्यांची घरं एकामागून एक रिकामी होत होती. कापडवाल्या शेठच्या दिवाणखान्यात चाळीस चित्रं होती. ती मुकाट्याने हवाली करायची, या अटीवर सुनेला आणि दोन वर्षांच्या नातीला चारच्या बोटीचा परवाना मिळाला होता. शेठना नव्हता. काही काळंबेरं दिसलं, की अधिकाऱ्याने टेबलावरचा फोन उचलायचा अवकाश; बोट माघारी. दीपस्तंभ ओलांडताना बोट दुसरा भोंगा देई. त्यापुढे मात्र फोनचा उपयोग नव्हता.

"कापड विकता विकता हा नाद कुठून लागला?"

"हेही कापडच, साहेब. फक्त गिऱ्हाईक चुरगळून बघत नाही."

अधिकारी हसला. "आणि हे?"

"हे पहिलं. घरात पलंग नव्हता तेव्हा घेतलेलं. बायको म्हणाली, आता हेच अंथरा नि हेच पांघरा."

अधिकाऱ्याच्या बुटाला काहीतरी लागलं. लाकडी बदक. म्हाताऱ्याने ते उचललं, चाक फिरवून पाहिलं.

"राहिलं वाटतं नातीचं?"

"हो. झोपायच्या वेळी शोधेल."

बंदरावर पहिला भोंगा झाला. म्हातारा आणखी सावकाश हात चालवू लागला. प्रत्येक चौकट पुसायची, दोरी गुंडाळायची, कोपऱ्यांना चिंध्या बांधायच्या.

"आटपा हो! लग्नाची मुलगी पाठवताय का सासरी?"

शेवटचं चित्र शेठचं होतं. काळी टोपी, पांढरी दाढी, कापडाच्या ताग्यावर ठेवलेला हात. म्हाताऱ्याची बोटं दोरीत अडकली.

अधिकारी जवळ आला. चित्राकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. फोन हातभर अंतरावर होता.

"कोट फारच सैल झालाय, शेठ."

"काळजीनं, साहेब."

"हं." अधिकाऱ्याने मान तिरकी केली. "टोपी, दाढी, नाक. हुबेहूब! तसे तुम्ही सगळे एका साच्यातलेच म्हणा." त्याने यादीत लिहिलं: चाळीस, घरमालक, अस्सल.

"करा सही."

म्हाताऱ्याने पेन घेतलं. टोपण काढलं, पुन्हा लावलं. चष्मा शोधला. तो डोळ्यांवरच होता.

"शेठ!"

लांबून, अगदी बारीक, दुसरा भोंगा आला.

म्हाताऱ्याने पेन यादीवर आडवं ठेवलं. कोटाच्या लांब बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. सरसाने काळी पडलेली नखं उजेडात आली.

"सही मालकाचीच लागेल ना, साहेब? ते माझी ओळखपत्रं दाखवून बोटीत बसले, नातीला कडेवर घेऊन. मी या चौकटी बनवणारा सुतार."