अठ्ठावन्न सालची पेनल्टी

एल्डरवेल टाऊन या इंग्लंडमधल्या चिमुकल्या फुटबॉल क्लबचा शंभर वर्षांचा इतिहास डोरीन लिहीत होती. अठ्ठावन्न सालच्या अंतिम सामन्याचं पान तिनं नव्वदीतल्या जुन्या कप्तानाला, मिस्टर हॅलमना, वाचून दाखवलं. गाव सांगत आलं तेच तिनं लिहिलं होतं : अठरा वर्षांच्या स्टॅन्ली पगनं मोठेपणाच्या हावेनं कप्तानाच्या हातून चेंडू हिसकावला, पेनल्टी बाहेर मारली आणि हातातोंडाशी आलेला चषक गेला. स्टॅन्ली पग म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी लिहिताना तिनं त्यांना एका शब्दाची सूट दिली नव्हती.

हॅलमनी हात वर करून तिला थांबवलं. "हिसकावला नाही गं त्यानं. माझेच पाय लटपटत होते. चेंडू मीच त्याच्या हातात कोंबला."

डोरीनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आणि गाव त्यांना तोंडावर हावरट म्हणत होतं, तेव्हा?"

"मी गप्प बसलो. त्यानंही कधी माझं नाव घेतलं नाही. आता तरी खरं लिही, पोरी."

तिनं ती ओळ खोडली, पण पुढं हात चालेना. चौदा वर्षांची असताना, शाळेत मुली चिडवतात म्हणून ती रडत घरी आली होती आणि बापावर ओरडली होती, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हिरो व्हायला?"

तिचे डोळे पुसत वडील एवढंच म्हणाले होते, "चुकलंच माझं."