बागेची फेरी

पोहे झाले, चहा झाला, आणि शकुबाई म्हणाल्या, "सौंसरची बाग लई जुनी आहे म्हणतात. दाखवा नं जरा."

बाग कशासाठी पाहायची, हे सरलाला ठाऊक होतं. घरात मुलगी बसलेली दिसते. तिची चाल पाहायची तर मोकळी वाट लागते.

चौघं निघाले. पुढे सरला आणि नवरा मुलगा मुकुंद, पांढुर्ण्याच्या शाळेतला मास्तर. मागे त्याची मावशी शकुबाई आणि सरलाची उषावहिनी.

बाग इंग्रजांच्या वेळची. फाटकाशी पहारेकऱ्याची कौलारू चौकी, मधोमध लोखंडी खांबांचा घुमटदार बँडस्टँड, टोकाला वाचनालय आणि त्याच्या मनोऱ्यावर घड्याळ. चौकीच्या भिंतीवर लाल त्रिकोण आणि हिंदीत कुटुंबनियोजनाची जाहिरात. सरलानं तिकडून नजर वळवली. मुकुंद तिकडेच पाहत निवांत चालत राहिला.

वाटेवर नवी खडी टाकलेली. सरलाच्या पायात वहिनीच्या उंच टाचेच्या सँडल. लोधीखेड्याचं स्थळ उंचीवरून परत गेलं, तेव्हापासून घरच्यांनी ही युक्ती काढलेली. टाच खडीत रुतली की ती एका बाजूला कलायची.

मागून आवाज आला. दबका, पण ऐकू येईल इतका.

"काय वो, पोरगी लंगडून राहिली का?"

"नाही वो मावशी. खडी आहे नं," वहिनी म्हणाली.

"खडी तर आपल्याही पायाखाली आहे."

सरलाचे कान तापले. सँडल काढल्या तर उंची जाणार. ठेवल्या तर पाय अधू ठरणार.

बँडस्टँडपाशी मुकुंद थांबला. त्यानं हात जोडल्यासारखे केले. "मंदिर छान आहे. कोणाचं?"

सरलानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "इथं बँड वाजवायचे," ती म्हणाली.

वाचनालय जवळ आलं तशी तिनं मनोऱ्याकडे बोट केलं. "किती वाजले असतील?"

मुकुंदनं मान वर करून डोळे बारीक केले. मग शर्टाची बाही सारखी करता करता मनगटावरचं घड्याळ नाकापाशी नेलं. "सव्वापाच."

"त्या घड्याळाला काटे नाहीत. मी लहान होते तेव्हाच गळून पडले."

तो लाल झाला. मागे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "खिशात आहे. मावशी म्हणे, पहिल्या भेटीत चष्मा नको. मुलीकडचे बिचकतात."

"मग मी कशी दिसली तुम्हाला?"

त्यानं खरोखरच विचार केला. "साडी हिरवी आहे," तो म्हणाला. "आवाज चांगला आहे."

सरलानं ओठ दाबून हसू आवरलं. "चष्मा लावा," ती म्हणाली. "पाहायला आले नं तुम्ही?"

त्यानं लावला. भिंगं चांगलीच जाड होती. मागे शकुबाई खाकरल्या. मग आणखी मोठ्यानं खाकरल्या. त्यानं चष्मा काढला नाही.

सरला वाचनालयाच्या पायरीवर बसली. दोन्ही सँडलचे पट्टे सोडले, सँडल हातात घेतल्या आणि उभी राहिली. आता तिचं डोकं त्याच्या खांद्याच्या खाली होतं.

"चला," ती म्हणाली, आणि अनवाणी पुढे निघाली. खडी टोचत होती. पाऊल मात्र सरळ पडत होतं.

मुकुंद जागचा हलला नाही. शकुबाई धापा टाकत त्याच्याजवळ पोचल्या. "अरे बाप्पा, चष्मा काढ तो! अन् इथं उभा काहून राहिला?"

"थांब मावशी," तो म्हणाला. "पाहून राहिलो."