भेटायला येणाऱ्यांचा चहा

"चि. अवधूत यास अनेक उत्तम आशीर्वाद," सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली. त्याला जाऊन महिना झाला होता. ‘चिरंजीव’ लिहिताना माझं पेन अडलं. पण लिहिलं.

मनातलं ओझं लेकाला पत्रात लिहून टाका, असं डॉक्टरांनी त्यांना सुचवलं होतं. त्यांचा हात कापतो, म्हणून लिहायला बसले मी, त्याची बायको.

"लिही. तुझी बायको अजून रडली नाही."

मला संताप आला. भेटायला येणाऱ्यांच्या कपबश्या विसळून बोटं सुरकुतली होती माझी. रडणार कधी? तरी तेही लिहिलं.

"आले-गेले माझ्याच गळ्यात पडायचे. ही आत चहा करत राहायची. घरातलं सगळं रडणं मीच घेतलं रे. हिच्या वाट्याला काही ठेवलंच नाही."

पुढचं मला लिहिता येईना.

तेवढ्यात बेल वाजली. सवयीनं मी चहा टाकायला उठले. सासूबाईंनी हात धरून मला पलंगावर बसवलं, महिनाभर त्या बसत होत्या त्याच जागी.

"तू इथं बस. पोटभर रड," आत जाता जाता त्या म्हणाल्या, "आज चहा मी टाकते."