रविवारची दुरुस्ती

‘फोटोंची लायब्ररी खराब झाली आहे.’ कॉम्प्युटरच्या पडद्यावरची पाटी वाचून तेजस्वीनं कपाळावर हात मारला.

“आण्णा, परत? फोटो उघडं असताना वायर ओढलीसा व्हय?”

“मी कशाला ओढू?” तिचा बाप आकाराम स्वयंपाकघरातून ओरडला आणि पांढऱ्या रश्श्यात पळी फिरवत गालातल्या गालात हसला.

ओढली होतीच की! दर शनिवारी तो बायकोचे फोटो उघडायचा, तिच्याशी चार गोष्टी बोलायचा आणि खस्सकन वायर उपसायचा. त्यानं फोटो जात नाहीत, नुसती त्यांची मांडणी विसकटते, हे तेजस्वीनंच त्याला समजावून सांगितलं होतं. शिरोलीच्या फाउंड्रीत जन्म काढलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. पण लेकीला नुसतंच ‘ये गं’ म्हणायची त्याला लाज वाटे. शिवाय कबनूरला तिच्या सासूचा, बयाबाईंचा, कायदा कडक: दिल्या लेकीनं कामाशिवाय माहेरची पायरी चढू नये. म्हणून यानं काम काढलं. एकदा तो राधानगरीला लग्नात अडकला आणि वायर ओढायची राहिली. रविवारी हिरमुसून कॉम्प्युटर चालू केला, तर लायब्ररी आपोआप बिघडलेली! अंबाबाईलाच आपली काळजी, म्हणत त्यानं देवळात जाऊन नारळ फोडला होता.

जेवताना तेजस्वी म्हणाली, “नवीन डिस्क घातलीया. सासूबाई म्हणाल्या, एकदाचं कायमचं करून ये, दर रविवारी कसलं हेलपाटं?”

आकारामनं हातातला घास परत ताटात ठेवला. “मग आता बिघडायचंच न्हाय?”

“न्हाय की.” तिनं ताटातून मान वर केली नाही.

“बरं झालं,” तो म्हणाला. त्याला मुळीच बरं वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी रस्सा कुणासाठी करायचा?

जेवण झाल्यावर तो तिचा डबा भरायला आत गेला. बाहेरच्या खोलीत खट्ट असं काहीतरी वाजलं. तो आला तेव्हा तेजस्वी घाईघाईनं चपला घालत होती.

“लई उशीर झाला, आण्णा. आठवडाभर कॉम्प्युटरला हात लावू नगा. रविवारी सकाळी चालू करा, आन कायबी झालं तर मला फोन करा.”

तो दारात येऊन डोळे पुसायच्या आत तिची स्कूटर गल्लीच्या तोंडाला वळलीसुद्धा.

आकाराम तरातरा घरात आला. नवी डिस्क असो नाहीतर तिचा बाप, आपली वायर आपल्या हातात! रविवारपर्यंत थांबायचा त्याला धीर नव्हता. त्यानं कॉम्प्युटर चालू केला, डाव्या हातात वायर घट्ट धरली आणि उजव्या हातानं फोटो उघडले.

पडद्यावर पाटी आली, ‘फोटोंची लायब्ररी खराब झाली आहे.’