आपोआप बंद होणारी शेगडी

“आणि भांडं तसंच वर राहिलं तर?” गेक चूच्या आईने विचारलं.

दुकानातल्या सरवणनने इंडक्शनच्या काळ्या काचेवर तळहात ठेवला. आधी वेळ लावून ठेवायची आंटी, तो म्हणाला, वेळ संपली की शेगडी स्वतःच बंद होते. आईने मान डोलवली आणि पुन्हा पहिल्या शेगडीपाशी जाऊन उभी राहिली.

गेक चू भिंतीलगतच्या खुर्चीत टेकली. मलेशियातल्या ताइपिंग गावातलं हे सकाळपासूनचं दुसरं दुकान. डोक्यावरचा पंखा गरम हवाच फिरवत होता. सरवणन तिला टीचर म्हणत होता. तिच्या वर्गात होता म्हणे. तिला चेहरा आठवेना. इतकी मुलं हाताखालून गेली होती.

घरात गॅस दोनदा चालू राहिला होता. पहिल्यांदा लाल बीन्सची खीर करपून पातेल्याचा कोळसा झाला. दुसऱ्यांदा ज्योतच नव्हती, नुसता गॅस सुटत होता. वास आला म्हणून खालच्या मजल्यावरची शेजारीण धावत आली. त्या दिवशी गेक चूचा तोल सुटला होता. नको ते बोलून गेली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मीच विसरले गं.” ऐंशीला टेकलेल्या बाईला त्यापुढे काय बोलणार?

शाळा तिने मुदतीआधीच सोडली होती. मुख्याध्यापिका स्वतः घरी आल्या होत्या. आईपाशी बराच वेळ बसल्या आणि निघताना गेक चूला म्हणाल्या की आता घरी राहा, आईला सोबत होईल. तेव्हापासून आई तिची पाठच सोडत नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली की आई मागोमाग. बाजारात निघाली की आई गुडघे धरत बरोबर. गाडीत आईला गरगरायचं, म्हणून गाडीही विकून टाकली. पेनांगहून भाऊ दर रविवारी फोन करायचा. तो आईशी लांबण लावून, हळू आवाजात बोलायचा, आणि गेक चूच्या हाती फोन आला की दोन वाक्यांत आटपायचा. राबणारी मी आणि कौतुक आईचं, असं तिच्या मनात यायचं. मग त्याचीही लाज वाटायची. छप्पन्नाव्या वर्षी ती चोवीस तासांची पहारेकरीण झाली होती, आणि दमली होती.

सरवणन न कंटाळता समजावत होता. नव्या गॅसच्या शेगडीत ज्योत विझली की गॅस आपोआप थांबतो, पण पातेलं करपायचं ते करपतंच. सिरॅमिकच्या शेगडीवर कुठलंही भांडं चालतं, अगदी मातीचंसुद्धा. मात्र बंद केल्यावरही काच बराच वेळ तापलेली राहते. चुकून हात टेकला तर भाजतो.

“ती नको,” आई लगेच म्हणाली.

राहिली इंडक्शन. तिला लोहचुंबक चिकटेल अशीच भांडी लागतात, सपाट बुडाची. गोल बुडाची कढई तिच्यावर चालायची नाही.

गेक चू सावरून बसली. खरा वाद इथे होणार, हे तिला ठाऊक होतं. मोठ्या आचेवर परतलेल्या नूडल्स हा आईचा जीव की प्राण. त्यांच्यासाठी नव्या वर्षाला पेनांगचे नातेवाईक हटकून यायचे. विजेच्या शेगडीवर आजाऱ्याचं जेवण करावं, असं आई कायम म्हणत आली होती.

“मग कढई देऊन टाकू कुणाला तरी,” आई म्हणाली.

गेक चू तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं जिच्याशी भांडले तिने हातपाय गाळावेत, तसं काहीतरी वाटलं. मनासारखं झालं होतं, पण आनंद होईना.

आई अडून बसली ती एकाच गोष्टीवर. दुकानातल्या सगळ्या इंडक्शन काचेवर बोट टेकवून चालायच्या. तिला फिरवायच्या खुंट्या हव्या होत्या, जुन्या शेगडीला होत्या तशाच.

“अगं, बोट लावलं की झालं,” गेक चू म्हणाली. “मी शिकवीन तुला. दोन दिवसांत येईल.”

“नको. नवीन काही शिकायला लागू नये. हाताला जी सवय आहे तीच राहू दे.”

सरवणनने फोन केला. खुंट्यांची एक शेगडी इपोहच्या गोदामात होती. महाग पडेल, वर चार दिवस थांबावं लागेल. तोवर घरचा गॅस काढून ठेवते, आई म्हणाली, बाहेरून आणून खाऊ. गेक चूने हात टेकले. सरवणनने पलीकडच्या काउंटरकडे बोट केलं, तशी ती पर्स उघडत तिकडे गेली. आईच्या हट्टापुढे आजवर कुणाचं चाललंय, असं तिथल्या मुलीला सांगताना ती पहिल्यांदाच जरा हसली.

सरवणनने आईसाठी पाण्याचा पेला आणला आणि शेजारी स्टूल ओढून बसला.

“मनाला लावून घेऊ नका, आंटी,” तो हळूच म्हणाला. “या वयात विसरायला होतंच. टीचर किती करतात तुमचं.”

आई काउंटरपाशी उभ्या असलेल्या गेक चूकडे बघत होती. ती पाणी प्यायली नाही.

“विसरते ती, बाळ,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, तर तेही विसरलेली. मग मी परत सांगितलं नाही.”