झुडपाआडचा आवाज

सकाळचा उजेड त्या घरात कधीच थेट येत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीवर पडे, तिथे थोडा रेंगाळे, आणि मग कोणीतरी हलकेच ढकलल्यासारखा नैरोबीच्या कायोले वस्तीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत उतरे. आज दोरीवर वाळत घातलेल्या लेसोचा, बायकांनी कमरेला गुंडाळायच्या छापील कापडाचा, केशरी काठ आधी उजळला. मग कोळशाच्या शेगडीची कड, मग चहाच्या थर्मासचे झाकण, मग पलंगाच्या काठावर पाठमोऱ्या बसलेल्या स्योकाउच्या मानेवरची एक सुटलेली बारीक वेणी. तिचा नवरा मुटिंडा उभ्यानेच चहा पीत त्या उजेडाचा प्रवास पाहत होता. उजेड फरशीवरून दाराकडे सरकू लागला, तेव्हा त्याने नजर कपात घातली.

पुढे रेडिओ स्टुडिओचे जाड दार त्याच्यामागे मिटले आणि उजेडाचा प्रश्नच उरला नाही.

टेबलापलीकडे ओगोला होता. सकाळचा कार्यक्रम त्याचा. मुटिंडाच्या वाट्याला त्यातली थोडी मिनिटे. मात्र नैरोबी त्याच मिनिटांसाठी रेडिओ लावी. बायका फोन करून घरच्या नवऱ्याचे वर्णन करीत, आणि मुटिंडा त्या नवऱ्याचा वन्यजीवपट करी. आपल्याच देशातले सिंह लहानपणी टीव्हीवर ज्या धीम्या, दबक्या, परक्या आवाजात सर्वांना भेटले होते, तो आवाज त्याच्या घशात हुबेहूब बसला होता. त्यात कोणाला नाव नसे. नर असे आणि मादी असे. निवेदक झुडपाआडून पाही, आणि काहीही घडले तरी मध्ये पडत नसे. वाक्याच्या ऐन मध्यावर तो थांबे. त्या थांबण्यावर लोक सर्वांत जास्त हसत.

पहिली बाई गिथुराई वस्तीतली होती. तिचा नवरा दोन रात्री घरी आला नव्हता.

"पहाट," मुटिंडा कुजबुजला. "प्रौढ नर कळपाकडे परततो आहे. त्याच्या हातात शिकार आहे. शिकार अर्धा किलो असून... वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. मादी शिकार हुंगते. मग नराचा सदरा हुंगते."

ओगोलाने हसता हसता टेबलावर डोके टेकले. "मेलो रे, मेलो. पुढचा फोन. बोला, ताई."

"माझ्या घरचा सांगू?"

मुटिंडाचा हात कानावरच्या हेडफोनवर गेला. फोनवर स्योकाउ होती; तिच्या मागे माणसांची दाटी ऐकू येत होती. कोणीतरी गाडीचा पत्रा बडवीत ओरडत होते, "किटुई, किटुई, एकच जागा!" किटुईला तिची आई राहत असे.

"सांगा की. नर कसा आहे? दांडगा?" ओगोलाने विचारले. त्याने स्योकाउला कधी पाहिले नव्हते. मुटिंडा कोणाला घरी बोलावीत नसे.

"गप्प आहे. घरी येताना आवाज बाहेर काढून ठेवतो, चपला ठेवतात ना, तसा."

"अहो, मग नशीबवान आहात. माझी बायको असलाच शोधत फिरतेय."

"काल त्याला विचारलं, मी जाऊ का? तर त्यानं चहा ओतून घेतला."

"चहा ओतला! मुटिंडा, घे रे याला."

माइकवरचा तांबडा दिवा लागला. तिचे नाव तीन अक्षरांचे होते. ते घेणे काही अवघड नव्हते. परंतु त्याने तोंड उघडले तेव्हा आत तोच दुसरा, झुडपाआडचा निवेदक, वाट पाहत उभा होता, आणि तोच आधी बोलला.

"कोरड्या ऋतूत... मादी दूर जाते. नर गवतात स्थिर राहतो. त्याच्याकडे पाहून तो झोपला आहे असे वाटेल. पण पाऊस पडला, की मादी परत येते. ती नेहमीच परत येते."

फोनमधून तीच वाक्ये एका क्षणाच्या अंतराने त्याच्याकडे परत येत होती. गाडीच्या रेडिओवर हाच कार्यक्रम लागला होता. गाडीतली माणसे हसत होती, आणि त्या हसण्याच्या मधोमध, फोन कानाशी धरून, ती बसली होती.

"येते का?" ती म्हणाली. "हेच जरा तुमच्या आवाजात सांगा ना, भाऊ. या नको. तुमच्या."

"ताई, त्याच्याकडे दुसरा आवाजच नाहीये," ओगोला म्हणाला. "मी याच्यासोबत जेवतो, मला माहीत."

गाडीतली माणसे पुन्हा हसली.

मुटिंडा माइकच्या जवळ वाकला. त्याचे ओठ हलले. काचेपलीकडची फोन जोडून देणारी मुलगी हातातला कप तसाच धरून पाहत राहिली. थांबणे लांबत गेले, इतके लांब तो कधीच थांबला नव्हता. ओगोलाने खुशीने अंगठा वर केला आणि मान हलवीत ताल धरला, की अजून, अजून ताण.

"बरं," स्योकाउ म्हणाली. "गाडी भरली."

दार सरकल्याचा आवाज आला. मग फोन तुटला. ओगोलाने जाहिरात सोडली आणि हेडफोन गळ्यात उतरवला.

"काय थांबलास रे! आख्ख्या देशात असं थांबायला कोणाला जमायचं नाही. बाई पण अस्सल होती हां, चहा म्हणे. कुठली असेल?"

"किटुईकडची," मुटिंडा म्हणाला. आवाज धीमा, दबका होता, झुडपाआडचा. ओगोला पुन्हा हसला.

आज सकाळी घरात उजेड दारापाशी पोहोचला, तेव्हा तिथे तिची निळी बॅग भरून ठेवलेली होती. बॅगेला पाय लागू नये म्हणून तो भिंतीला अंग चोरून बाहेर पडला होता.