सहा आठवड्यांचा फॉल्ट

गुणवंतरावांनी चावी फिरवली. डॅशबोर्डवरची लाल बत्ती भराभर लुकलुकली. इंजिन हूं की चूं करेना.

"आजबी नाई," ते म्हणाले आणि समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

अश्वजितनं मान खाली घातली. ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीच्या, फाटकाबाहेर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. गुणवंतरावांची ही दोन दारांची जुनी लाल स्पोर्ट्स कार गेले सहा आठवडे त्याची अर्धी जागा अडवून बसली होती. अशा गाडीच्या चावीच्या मुठीत एक इवलीशी चिप असते. कुलपाभोवतीचं कडं ती ओळखतं, मगच इंजिन सुरू होतं. ओळख पटली नाही तर लाल बत्ती लुकलुकत राहते आणि गाडी ढिम्म हलत नाही. या राखणदाराला इमोबिलायझर म्हणतात, आणि तोच बिनसला होता.

पण खरं सांगायचं तर अश्वजितनं बिघाड शोधलाच नव्हता.

गाडी ढकलत दुकानात आणली, त्याच सकाळी त्याला रंजीताचा फोन आला होता. ती गुणवंतरावांची एकुलती मुलगी, चामोर्शीला शिक्षिका. दर गुरुवारी ते जंगलाच्या रस्त्यानं हीच गाडी हाकत तिच्याकडे जात. शेवटच्या खेपेला मूल गावाच्या अलीकडे, भर दुपारी, त्यांनी गाडी शेळ्यांच्या कळपात घातली. एक शेळी मेली आणि राखणारी बाई थोडक्यात वाचली. ब्रेक लागला नाही, असं ते सगळ्यांना सांगत होते. रंजीताचा त्यावर विश्वास नव्हता.

"अश्वजितभाऊ, बाबाले डाव्या बाजूचं दिसतच नाई," ती म्हणाली होती. "डोळ्यायचं नाव काढलं का घर डोक्यावर घेतात. गाडी बंद पडली ते बरंच झालं. तुमी ते सुधरवू नका."

अश्वजितनं ऐकलं. शिवाय स्टिअरिंगखालचा वायरचा एक जोडही स्वतःच्या हातानं काढून ठेवला आणि त्यावर पाटी टांगली: 'काम चालू आहे, हात लावू नये. अश्वजित.' वीज केंद्राच्या वस्तीत हा कायदा शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. ज्याची पाटी, त्यानंच काढायची. तोवर पाटीखालच्या भागाला दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. त्याला हे शिकवलं होतं गुणवंतरावांनीच. केंद्रात त्यांच्या हाताखाली तो चार वर्षं होता. आता त्यांचीच शिकवण वापरून तो त्यांना फसवत होता, आणि त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

गुणवंतराव रोज दहा वाजता कुंपणाच्या भिंतीला हात लावत पायी येत. खिशातून चावी काढून स्वतः फिरवत आणि परत खिशात टाकत. केंद्रात पाच मिनिटं उशीर झाला तर समोरच्याच्या सात पिढ्या काढणारा हा माणूस सहा आठवड्यांत एकदाही चिडला नव्हता. आपल्यावर त्यांचा विश्वास आहे म्हणून, असं अश्वजितला वाटे. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी शेजारचा टायरवाला पवन आयत्या चहाला येऊन बसला. बसल्या बसल्या त्यानं काडी टाकली. नागपूरचा माणूस आणला तर कॉम्प्युटर लावून तासाभरात फॉल्ट काढून देईल, इथं तर सहा आठवड्यांत एक बत्ती विझत नाही, असं त्याचं म्हणणं.

गुणवंतरावांनी जागा चाचपून कप स्टुलावर ठेवला.

"याले मी शिकवलं," ते म्हणाले. "याच्या हातानं जे होत नाई, ते नागपूरवाल्याच्यानंबी होत नाई. गाडीच जुनी झाली."

अश्वजितनं कप खाली ठेवला. त्यानं तिथंच ठरवलं. गाडी आजच सुरू करायची, चावी आपल्या मुठीत ठेवायची आणि तोंडावर सांगायचं, की भाऊ, गाडी ठीक आहे, तुमचे डोळे ठीक नाहीत. मग त्यांनी जन्मभर तोंड पाहिलं नाही तरी चालेल. रस्त्यावर कुणाचा जीव जाण्यापेक्षा ते बरं, आणि या रोजच्या खोट्यापेक्षा तर फारच बरं.

गुणवंतराव जेवायला घरी निघाले तेव्हा त्यानं चावी ठेवून जायला सांगितलं. ते घुटमळले.

"चावी कायले पाहिजे तुले?"

"आज शेवटपर्यंत पाहतो, भाऊ."

त्यांनी चावी दिली, पण जाताना दोनदा थांबले.

अश्वजितनं पाटी काढली, जोड बसवला आणि चावी फिरवली. बत्ती लुकलुकतच राहिली.

तो स्वतःवरच हसला. म्हणजे बिघाड खराच होता, आणि पंचक्रोशीतला हुशार मेकॅनिक तो न पाहताच सहा आठवडे सोंग करत बसला होता. आता मात्र तो हट्टाला पेटला. कुलपाभोवतीचं कडं तपासलं, ते ठीक निघालं. एकेक वायर मीटर लावून पाहिली, त्याही ठीक. इमोबिलायझरचा डबा उघडला, त्यातही काही वावगं नव्हतं. दोन तास गेले. शर्ट घामानं पाठीला चिकटला.

उरली फक्त चावी. त्यानं ती भिंगाखाली धरली. काळ्या मुठीच्या कडेनं केसाएवढी बारीक रेघ गेली होती. कुणीतरी मूठ उघडून मोठ्या सफाईनं पुन्हा चिकटवली होती. त्यानं रेघेत पातं घातलं आणि मूठ उघडली. चिपची जागा रिकामी होती.

दारात सावली पडली. गुणवंतराव चौकट धरून उभे होते, कधीपासून ते कोण जाणे.

अश्वजितनं उघडी चावी त्यांच्यापुढं केली. त्यांनी ती बोटांनी चाचपून पाहिली.

"मीच काढली," ते म्हणाले. "त्या शेळ्यायच्या दिवशीच. तू हुशार हायस, आज ना उद्या तुले सापडनच, याचंच भेव होतं मले. पन रंजीताले सांगू नको, बाप्पा. तिले अजून वाटते का मले दिसते."